शिबिराहून आल्यावर

ती. आई-बाबा,

साष्टांग नमस्कार.

आई, "परक्या मुलखात पोरांना घेऊन रानात कशाला जायचं?" असं तू फोनवर विचारलंस. तेव्हा घाईत होते, म्हणून आता सविस्तर लिहिते. इथे जपानमध्ये पाचवीच्या मुलांना उन्हाळी सुट्टीआधी डोंगरात मुक्कामी नेतात. या शिबिराला 'रिनकान गाक्को' म्हणतात. आमची शाळा नागानो प्रांतात नोबेयामाला गेली. तिथलं स्टेशन १,३४५ मीटर उंचीवर आहे, जपानच्या जेआर रेल्वेचं सर्वांत उंच. जुलैतही रात्री स्वेटर लागतो. अस्वलं आहेत, पण दप्तराला घंटी बांधून, बोलत-चालत गेलं की ती सहसा वाटेला येत नाहीत. काळजी करू नकोस.

बाबा, तिथली शेती तुम्ही बघायला हवी. मल्चिंगवर लेट्यूसचे लांबच लांब वाफे, आणि तोडणी पहाटेच्या अंधारात, डोक्याला दिवे बांधून. ऊन चढायच्या आत माल थंड असतानाच गाडीत भरायचा. देठ कापला की पांढरा चीक येतो, तो धुऊनच गड्डा पेटीत जातो. आपल्या टोमॅटोच्या तोड्याला तुम्ही असेच पहाटे निघायचात.

खरं सांगायचंय ते स्वयंपाकाचं. मुलांचे गट असतात, प्रत्येकाला काम नेमून दिलेलं. भात 'हांगो'त शिजवतात, हा घेवड्याच्या बीसारखा वाकलेला डबा. काजळी सहज निघावी म्हणून त्याला बाहेरून भांडी घासायचं साबण फासतात. आजी पातेल्याला मातीचा लेवा द्यायची तसंच. एक मुलगी कांदा चिरत होती, डोळ्यांतून पाणी, सुरी तिरपी. मी पुढे झाले, तर वर्गशिक्षिकेने नुसती नकारार्थी मान हलवली. त्या स्वतः हात पाठीमागे बांधून उभ्या होत्या, नजर मात्र त्या सुरीवरून हलत नव्हती. मुलीने बोटं आत वळवून सगळा कांदा चिरला. तिच्या गटाचा भात खाली लागला, वर कच्चट राहिला. कोणी रागावलं नाही, कोणी दुसरा भात आणून दिला नाही. कढीसारख्या पातळ झालेल्या करीमध्ये कालवून पोरांनी खरवडसुद्धा संपवली.

बाबा, मी आठवीत असताना तुम्ही मला विहिरीवरची मोटार चालू करायला एकटीला पाठवायचात आणि त्यावरून आई तुमच्याशी भांडायची. तुम्ही बांधावर उभे राहून बघत असायचात, हे मला खूप उशिरा कळलं. तेव्हा तुम्ही बरोबर होतात.

नोबेयामाला ४५ मीटर व्यासाची रेडिओ दुर्बीण आहे, १९८२ सालची. मी मुलांना म्हटलं, आमच्या नारायणगावजवळ खोडदला अशाच व्यासाच्या तीस आहेत. "तीस कशाला?" एकाने लगेच विचारलं. सगळ्या मिळून एकाच मोठ्या दुर्बिणीचं काम करतात हे सांगताना मला फार अभिमान वाटला. परतीच्या गाडीत पोरं नकाशात खोडद शोधत होती.

ऑक्टोबरात इथे पानं लाल होतात. तेव्हा दोघंही या. आई, गुडघ्याचं डॉक्टरांना दाखवून घे आणि बाबांच्या पासपोर्टचा अर्ज या आठवड्यातच भरा. तिकिटं मी काढते.

तुमची,
चिऊ