त्रेत्याकोव्ह गॅलरीतल्या आजींना

प्रिय आजी,

तुमचं नाव विचारायचं राहून गेलं. 2019 च्या हिवाळ्यात मॉस्कोच्या त्रेत्याकोव्ह गॅलरीत, आयकॉनांच्या (लाकडी फळीवरच्या ख्रिस्ती धर्मचित्रांच्या) दालनात तुम्ही कोपऱ्यातल्या खुर्चीवर शाल पांघरून बसला होतात. जुना रशियन चित्रकार आंद्रेय रुब्लेव्ह याच्या ‘त्रोइत्सा’समोर, टेबलाभोवती बसलेल्या तीन देवदूतांच्या त्या चित्रासमोर, मी मिनिटभर उभी राहिले, फोटो काढला आणि निघाले. तेवढ्यात तुम्ही उठलात, माझं कोपर धरून काचेवर दिवा चमकणार नाही अशा जागी मला नेलंत आणि म्हणालात, ‘स्मत्री.’ बघ.

मग बोटानं हवेत एक रेघ ओढलीत. डावीकडच्या देवदूताच्या अंगावरून खाली, पुन्हा उजवीकडच्याच्या अंगावरून वर. दोघांमधल्या मोकळ्या जागेचा एक मोठा पेला झाला, टेबलावरच्या लहान पेल्याला पोटात घेणारा. तो मला आपणहून कधीच दिसला नसता.

माझं मोडकंतोडकं रशियन सांभाळून घेत तुम्ही सांगत राहिलात. लाकडी फळीवर कापड, त्यावर खडू-सरसाचा थर, अंड्याच्या बलकात कालवलेले रंग आणि शेवटी उकळलेल्या जवसाच्या तेलाचा हात. हेच तेल शंभरेक वर्षांत काळं पडायचं. मग पुढचा चित्रकार त्याच्यावरच तेच चित्र पुन्हा रंगवायचा. वरून सोन्याचा पत्रा. मला आमच्याकडच्या शेंदराच्या देवी आठवल्या. पिढ्यान्‌पिढ्या चढलेलं कवच गळतं, तेव्हा कुठे आतली कोरीव मूर्ती दिसते. ‘त्रोइत्सा’मधली पंधराव्या शतकातली ही निळाई 1904 मध्ये पत्रा उतरवून सफाई सुरू झाली तेव्हा डोकावली, आणि 1918 मधल्या दुसऱ्या सफाईत मोकळी झाली. म्हणजे कितीतरी पिढ्यांनी रुब्लेव्हचं नाव ऐकलं, पण त्याचा रंग पाहिलाच नाही! 1911 मध्ये फ्रेंच चित्रकार मातीस मॉस्कोला आला, तोवर काही आयकॉन स्वच्छ झाले होते. ते पाहून तो भारावून गेला होता.

नंतर तुम्ही मला झ्वेनिगोरोद गावात सापडलेल्या, रुब्लेव्हच्याच मानल्या जाणाऱ्या ख्रिस्ताच्या आयकॉनपुढे उभं केलंत. 1918 मध्ये तो सरपणाच्या ढिगाखाली सापडला, असं सांगतात. फळीवरचा बहुतेक रंग झडलाय, चेहरा तेवढा राहिलाय. तो चेहरा पाहून मला रडू आलं. तुम्ही काही विचारलं नाहीत, नुसत्या शेजारी उभ्या राहिलात. त्या उभं राहण्याचे आभार कसे मानायचे, मला अजून कळत नाही.

2024 मध्ये ‘त्रोइत्सा’ मॉस्कोजवळच्या सेर्गियेव्ह पोसादच्या मठात गेली. ती त्याच मठासाठी रंगवलेली, तेव्हा भाविकांची ओढ मला समजते. पण इतकं जुनं लाकूड दमट हवेत फुगतं, कोरड्या हवेत आक्रसतं, आणि त्याबरोबर वरचा रंग सुटू शकतो. माझा जीव घाबरतो. तुम्हाला काय वाटलं असेल, हे फार विचारावंसं वाटतं.

त्या दिवशीचा फोटो माझ्याकडे आहे. त्यात देवदूतांच्या मधोमध दिव्याचा पांढरा डाग आलाय. तुम्ही दाखवलेल्या जागेवरून मी फोटो काढलाच नाही, नुसती बघत राहिले.

बल्शोये स्पासीबा, आजी. खूप खूप आभार.

तुमची,
पुण्याहून आलेली ती मुलगी