मोडीत देण्याआधी कडेवरचं नाव वाचा

प्रति,
माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या ठाणे पुरवणीत रिडेव्हलपमेंटला जाणाऱ्या जुन्या इमारतींवरचा लेख वाचला. घर रिकामं करताना माळ्यावरच्या सामानाचं काय करायचं, यावर त्यात बऱ्याच सूचना होत्या. त्यात माझी एक भर, जुन्या लष्करी मेडलांबद्दल.

गेल्या महिन्यात सौ.चे पैंजण जोडून घ्यायला जांभळी नाक्याजवळच्या एका चांदीवाल्याकडे बसलो होतो. शेजारी एक तरुण जोडपं जुनी चांदी मोडीत द्यायला आलं होतं. आजोबांची खोली बिल्डरकडे जायची होती आणि ट्रंका उपसून झाल्या होत्या. निरांजन, अत्तरदाणी, चेपलेला कुंकवाचा करंडा आणि त्यांच्यात एक जाडजूड गोल चकती, वर अडकवायची दांडी. चांदीवाल्याने कानस मारून कस पाहायला घेतली तेव्हा मुलगा म्हणाला, "काका, ते राजाच्या छापाचं नाणं आहे, जुनं आहे हं."

मी निवृत्त पोस्टमास्तर आहे. बारीक अक्षर दिसलं की हात आपोआप चष्म्याकडे जातो. एका बाजूला पंचम जॉर्जचं मुंडकं, दुसऱ्या बाजूला उघडा घोडेस्वार, घोड्याच्या टापेखाली गरुडाची ढाल आणि कवटी, कडेने १९१४ आणि १९१८. पहिल्या महायुद्धाचं ब्रिटिश वॉर मेडल. चांदीवाल्याची भिंगाची काच मागून घेतली आणि कड फिरवत फिरवत वाचली. आधी नंबर, मग 'सिपॉय' म्हणजे शिपाई, मग इंग्रजी कॅपिटलमध्ये एक अस्सल कोकणी नाव, आणि शेवटी ११० मराठा लाइट इन्फंट्री. नाव इथे देत नाही, घरच्यांना तसं विचारलेलं नाही. मुलाने मात्र ते दोनदा वाचलं. पणजोबांचं नाव त्याला ठाऊक होतं. ते लढाईवर गेले होते हे ठाऊक नव्हतं.

११० वी म्हणजे काय, ते आता सांगतो. १९१५ मध्ये ब्रिटिश मेजर जनरल टाउनशेंडची सहावी डिव्हिजन मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, तैग्रिस नदीच्या काठाने बगदाद घ्यायला निघाली. तिच्यात १०३, ११० आणि ११७ अशा तीन मराठा पलटणी होत्या. नोव्हेंबरात टेसिफोनला तुर्कांनी अडवलं. तिथून माघार घेत ही फौज कुत अल अमारा या नदीच्या वळणावरच्या गावात शिरली आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात वेढ्यात सापडली. जवळजवळ पाच महिने. घोडे आणि खेचरं कापायची वेळ आली. धर्माच्या भीतीने कितीतरी हिंदी शिपाई ते मांस खाईनात आणि अंगावर स्कर्व्ही, म्हणजे ताज्या अन्नाअभावी होणारा रोग, घेऊन खंदकात बसले. शेवटी शेवटी विमानातून पिठाची पोती टाकली. वेढ्यातल्या फौजेला विमानातून रसद टाकण्याचा जगातला हा पहिलाच प्रयोग, पण एवढ्या पोटांना तो पुरणार कसा? २९ एप्रिल १९१६ ला शरणागती झाली, सुमारे तेरा हजार माणसं कैद झाली. टाउनशेंडसाहेबांची व्यवस्था इस्तंबूलजवळच्या एका बेटावर लागली, चांगल्या बंगल्यात. शिपाई बगदाद, मोसुल, रास अल ऐन असे वाळवंटातून चालवत नेले. वाटेत पडला तो पडला. उरले ते रेल्वेच्या कामावर जुंपले.

त्या मुलाचे पणजोबा यातल्या कुठल्या टप्प्यावर होते, परत आले की नाही, हे मेडलवरून कळत नाही. तेच मेडल जिवंत राहिलेल्यालाही मिळे आणि मेलेल्याच्या घरीही येई.

आता ज्यासाठी पत्र लिहायला बसलो ते. मेसोपोटेमियात मेलेल्या आणि थडगं नसलेल्या चाळीस हजारांवर माणसांसाठी १९२९ मध्ये बसऱ्याला स्मारक उभारलं. त्यावर ब्रिटिश शिपायांची नावं आहेत, हिंदी अधिकाऱ्यांचीही आहेत. साध्या हिंदी शिपायांच्या बाबतीत मात्र पलटणीचं नाव आणि त्याखाली निव्वळ आकडा कोरला. १९९७ मध्ये सद्दामने ते अख्खं स्मारक उचलून शहराबाहेर वाळवंटात नेऊन ठेवलं, म्हणजे तो आकडाही आता तिकडे. युद्धात मेलेल्यांची थडगी आणि स्मारकं सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनने २०२१ मध्ये या भेदभावाबद्दल माफी मागितली, तीही शंभर वर्षांनी.

आमच्या खेड तालुक्यातल्या गावी शाळेच्या भिंतीत सरकारने त्या काळी बसवलेली दगडी पाटी आहे. या गावातून १९१४ ते १९१९ च्या लढाईला इतकी माणसं गेली, त्यांपैकी इतकी मेली, एवढाच मजकूर. कोकणात आणि साताऱ्याकडे अशा पाट्या गावोगाव दिसतात. त्यांच्यावरही आकडाच. लहानपणी आम्ही त्या पाटीवर चेंडू आपटत असू. दिल्लीच्या इंडिया गेटवर तेरा हजारांवर नावं आहेत, पण महायुद्धात मेलेले हिंदी लोक सुमारे चौऱ्याहत्तर हजार, तेव्हा तिथेही हिशेब जुळत नाही.

आणि हे मेडल. ते देताना सरकारने एकेकाचा नंबर, हुद्दा, नाव, पलटण कडेवर ठोकून दिली. साध्या शिपायाचं नाव धातूवर उतरलं ते अशा मेडलांवर. तीच कड आपण आटवायला नेतो.

चांदीवाल्याला दोष देत नाही. त्यानेच प्रामाणिकपणे सांगितलं, "साहेब, वर्षाला दोन-चार येतात. दिवाळीच्या आधी जास्त." चांदी चांगल्या कसाची, वजन तीन तोळ्यांच्या आसपास, तेव्हा मोडीचा भाव बरा येतो. ठाण्यात हे होणारच. नौपाडा, कोपरी, कळव्यापासून पलीकडे ऐरोली-घणसोलीपर्यंत अर्धं कोकण आणि पाव सातारा राहतो, आणि मराठा पलटणींची भरती नेमकी तिथलीच. गावच्या घरातली ट्रंक चाळीत आली, चाळीतली फ्लॅटमध्ये, आणि फ्लॅटमध्ये माळाच नाही.

मी हे बोलून दाखवलं तेव्हा आमच्या कट्ट्यावरचे एक स्नेही उसळले. "साहेबाच्या साम्राज्यासाठी महिना अकरा रुपयांवर लढायला गेलेल्यांचं कसलं कौतुक करता?" त्यांचं पूर्ण चूक आहे असं मला वाटत नाही. त्या अकरा रुपयांवर मागे एक घर चालत होतं, एवढं मी त्यांना म्हणालो. आणि कौतुक करा असं मी म्हणतच नाही. आपल्याला यशवंत घाडगे ठाऊक आहेत, माणगावचे, १० जुलै १९४४ ला इटलीत एकटे मशीनगनवर चालून गेले, मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक, मिळाला. त्यांची पलटण तिसरी मराठा, म्हणजे लष्कराच्या १९२२ च्या फेररचनेनंतरची हीच जुनी ११०. कुतला जवळजवळ संपलेली पलटण पुन्हा उभी राहिली, तिच्यातले घाडगे. त्यांना माणगावात पुतळा आहे. बाकीच्यांना निदान स्वतःची कड तरी राहू द्या.

तेव्हा ठाणेकरांना विनंती, घरात अशी चकती निघाली तर भिंग घेऊन कड वाचा, मोबाइलवर फोटो काढून ठेवा. बरोबर तांबूस रंगाचं, पंखवाल्या देवतेचं आणि इंद्रधनुषी फितीचं दुसरं मेडल असेल तर त्याच्याही कडेवर नाव असतं. चांदणीच्या आकाराचं ब्राँझचं १९१४-१५ स्टार असेल तर नाव मागच्या बाजूला. जो लढाईत मेला त्याचा नंबर आणि पलटण ग्रेव्ह्ज कमिशनच्या वेबसाइटवर टाकून पाहता येते, पैसे पडत नाहीत. नाव इंग्रजांनी कानाला ऐकू आलं तसं लिहिलेलं असतं, तेव्हा दोन-चार स्पेलिंगं करून पाहावीत. टपालखात्यात चाळीस वर्षं मी हेच केलं.

दुसरी विनंती ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयाला. १८९३ पासूनची आपली संस्था, तिने संदर्भ विभागात एक साधी वही ठेवावी. मेडल नको, ते ज्याच्या त्याच्या घरी राहू दे. नंबर, नाव, पलटण, गाव आणि सध्याच्या घरच्यांनी दिलं तर त्यांचं नाव, एवढे पाच रकाने. सुट्टीच्या दिवशी बसून नोंदी लिहायला मी तयार आहे, अक्षर अजून बरं आहे.

जांभळी नाक्यावरच्या त्या मुलाने मेडल खिशात घातलं आणि बाकीची चांदी दिली. त्याच्या आजीला म्हणे पणजोबांबद्दल काहीतरी आठवतं, पण तिला ऐकू कमी येतं आणि ती सध्या लेकीकडे बदलापूरला आहे. वही सुरू झाली तर पहिली नोंद त्याची घेईन, असं त्याला सांगून ठेवलं आहे.

आपला,
एक निवृत्त पोस्टमास्तर
नौपाडा, ठाणे (प.)