यंत्राला अनुदान, कोयत्याला काय?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

यंदा आमच्या शिवारात ऊसतोडणीला मजुरांची टोळी आली नाही, यंत्र आलं. साडेचार फुटी सरीचे मोठे फड दोन दिवसांत रिकामे झाले. माझ्या तीस गुंठ्यांच्या तुकड्यात ते वळत नाही, म्हणून मी अजून टोळीचीच वाट बघतोय. ते असो.

हिशेब मात्र डोक्यातून जात नाही. एक कोयता, म्हणजे नवरा-बायको, दिवसभर राबून दीड-दोन टन ऊस तोडतात. यंत्र दिवसाला शंभर टनांच्या पुढे जातं. जानेवारी 2024 मध्ये 34 टक्के वाढ मिळाल्यावर तोडणीचा दर टनाला 366 रुपयांच्या आसपास गेला. त्या दराने शंभर टनांचे साडेछत्तीस हजार बीडकडून तोडणीला येणाऱ्या पन्नासेक घरांत वाटले जायचे. आता एकाच यंत्रमालकाच्या खात्यात येतात. डिझेल, ऑपरेटर, बँकेचा हप्ता त्यातूनच सुटतो, हे मान्य. पण कोटीच्या घरातल्या या यंत्राला सरकारने 2023 मध्ये किमतीच्या 40 टक्के किंवा 35 लाख, यांतलं कमी असेल तेवढं अनुदान जाहीर केलं, तेही 900 यंत्रांसाठी. उरलेल्या रकमेला तारण द्यायला जमीन असेल, त्यालाच ते घेता येणार. ज्याचा हंगाम टोळी आणणाऱ्या मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फेडण्यात सरतो, त्याने अर्ज तरी कशाच्या जोरावर भरायचा?

वाढ्यांचं, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांचं, तर कुणी नावच काढत नाही. तोडणीच्या बायका वाढ्यांच्या पेंढ्या विकून मीठ-मिरची भागवतात. यंत्र वाढं उडवून पाचटात मिसळून टाकतं. त्यांचे पैसे गेले, आमच्या गोठ्याचा चाराही गेला.

कोयता टिकावा असं माझं म्हणणं नाही. पहाटेच्या थंडीत डोक्यावर मोळी घेऊन ट्रॉलीच्या फळीवर चढणारी बाई ज्याने पाहिली, तो तसं म्हणणारच नाही. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांकडून टनामागे 10 रुपये घ्यायचं ठरलं आहे. यंत्राने तोडलेल्या टनाला ही रक्कम जास्त का नको? आणि अनुदानाची पुढची यादी निघेल तेव्हा दहा-वीस कोयत्यांनी मिळून केलेल्या गटांना, सरकारच्या हमीवर, त्यात आधी जागा द्यावी. गट कागदावर मजुरांचा आणि यंत्र मुकादमाचं, असं होणार नाही एवढं मात्र बघावं.

— एक ऊस उत्पादक, ता. शिरोळ, जि. कोल्हापूर