कंगनाबाईंचं मत आणि आपली आंब्याची पेटी

पावस, रत्नागिरी
२ ऑक्टोबर २०२४

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तू पाठवलेला कंगना रणौतचा व्हिडिओ पाहिला. सोबत लिहिलं होतंस, "नटीनं नाचावं, शेतीत कशाला नाक खुपसावं!" हे काही पटलं नाही बघ. बाई जून २०२४ पासून हिमाचलातल्या मंडीच्या खासदार आहेत, शेतीवर बोलणं हे त्यांचं कामच. आणि खासदार नसत्या तरी बोलायला कोणाची ना आहे? बोलल्या ते तपासू या की.

म्हणणं काय, तर केंद्रानं २०२० मध्ये आणलेले आणि २०२१ मध्ये मागे घेतलेले तीन कृषी कायदे परत आणावेत आणि ती मागणी शेतकऱ्यांनीच करावी. ठीक. पण कुठल्या शेतकऱ्याची कुठली अडचण त्यानं सुटणार? मी पाहिलेल्या तुकड्यात तरी त्यावर एक अक्षर नाही.

आता आपलंच घे. बाजार समितीच्या आवाराबाहेर माल विकायची मुभा, हा पहिल्या कायद्याचा गाभा. आपल्या राज्यात फळं-भाजीपाला २०१६ सालीच समितीच्या नियमनातून सुटला, आडत, म्हणजे दलालाचं कमिशन, तीही शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायची ठरली. म्हणजे दिल्लीच्या आधी चार वर्षं हापूस मोकळा! मग मोकळा झालेला आंबा गेला कुठे? बराचसा नवी मुंबईच्या वाशी बाजारालाच. कारण उचल. खतं, मोहोर आला की फवारण्या, राखणदार, पेट्या, गाडीभाडं, सगळा पैसा लागतो मोसमाच्या आधी, आणि तो देतो दलाल. ज्याची उचल, त्याच्याच गाळ्यावर पेटी. भाव काय लागला ते पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, आल्यावर कळायचं. पुण्या-मुंबईला घरपोच पेट्या धाडणारे आहेत आणि त्यांचं बरं चाललंय, पण त्यांच्या गाठीला भांडवल आहे, ओळखीची गिऱ्हाइकं आहेत. या दोन गोष्टी कुठल्या कायद्यानं मिळणार?

तसे हे कायदे म्हणजे शेतकऱ्याच्या गळ्याला फास, असं ओरडणारेही मला पटत नाहीत. पंजाबात सरकार हमीभावानं गहू-तांदूळ उचलतं, तिथे मंडी, म्हणजे समितीचा बाजार, मोडायची भीती समजू शकते. हापूसला हमीभाव कसला?

मला खुपलं ते वेगळंच. त्या पहिल्या कायद्यात आवाराबाहेर खरेदी करायला व्यापाऱ्याला पॅन कार्ड पुरेसं होतं. पैसे फार तर तीन कामकाजी दिवसांत द्यायचे. आणि नाही दिले तर? दाद मागायची प्रांताधिकाऱ्याकडे, दिवाणी कोर्टाची वाट बंद! ऐन मे महिन्यात आंबा उतरवायचा सोडून तारखांना कोण जाणार, सांग. आणि निकाल लागेतो तो पॅन कार्डवाला कुठल्या राज्यात असेल देव जाणे. कायदे परत मागणाऱ्यानं निदान एवढ्याचं उत्तर तयार ठेवायला हवं होतं.

खरा राग आला तो पुढच्या प्रकाराचा. त्यांच्या पक्षानं, भाजपनं, "हे त्यांचं वैयक्तिक मत" म्हणून हात झटकले आणि बाईंनी लगेच शब्द मागे घेतले. आपण आता नुसत्या कलाकार नाही, पक्षाच्या कार्यकर्त्या आहोत, तेव्हा मत पक्षाचंच असायला हवं, अशा अर्थाचं काहीतरी बोलल्या. मत का चुकलं, ते राहिलंच! (हरियाणात ५ ऑक्टोबरला विधानसभेचं मतदान आहे, तिथे शेतकऱ्यांना दुखावून चालणार नाही, ते तुला सांगायला नको.) त्यापेक्षा "दाद मागायची तरतूद सुधारा आणि कायदे आणा" म्हणून अडून बसत्या, तर मी इथून टाळी दिली असती. मतदारांनी निवडून दिलेल्या माणसाला मत असावं आणि ते दोन दिवस तरी टिकावं, एवढी अपेक्षा जास्त नाही ना?

तुमच्या नाशकाकडची गोष्ट तर आणखी वेगळी. डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याची निर्यात बंद केली, ती बंदी उठली मे २०२४ मध्ये. कांदाही आपल्या आंब्यासारखाच समितीच्या नियमनातून सुटलेला. पण बंदरातून बोटीवरच चढू दिला नाही, तर आवाराबाहेर विकायच्या मुभेचं शेतकऱ्यानं करायचं काय? तू लासलगावला जाऊन-येऊन असतोस. तिथली मंडळी या व्हिडिओवर काय म्हणतात ते जरूर कळव. मला वाटतं, कायदे हवे की नको यापेक्षा निर्यातीवरच जास्त बोलतील.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. यंदा तुझ्या पेट्या वाशीला न जाता थेट नाशकात येतील. पैसे मात्र मोहोराच्या आधी पाठव, उचल म्हणून.

तुझा,
विनायक