नागपूरच्या महालातून कलकत्त्याच्या बागबाजारला

ती. आई-बाबांना सा. न.

काल रात्री पुण्याला सुखरूप पोचले. फोनवर तसं सगळं सांगितलंच, पण एक गोष्ट फोनवर घाईघाईत बोलायची नव्हती. म्हणून आज कागद घेऊन बसले.

आधी प्रवासाचं. बाबा, मी सोनेगावला विमानतळाच्या आत गेल्यावरही तुम्ही विमान उडेपर्यंत बाहेर उभे होता, असं आई म्हणाली. अशा थंडीत, त्या गुडघ्यांनी, इतका वेळ उभं राहू नका हो. तुमच्या गीतांजलीने जायचं तर रात्र गाडीत काढून दुसऱ्या दिवशी हावडा दिसतो. मी दोन तासांच्या आत कलकत्त्याला, दमदम विमानतळावर उतरले. कान तेवढे दुखले.

आई, तुझी बंगाली लेक, म्हणजे माझी मैत्रीण, बाळाला घरी ठेवून मला घ्यायला आली होती. हॉस्टेलला असताना दर रविवारी आपल्याकडे जेवायला यायची, तशीच आहे अजून. पिवळ्या टॅक्सीत बसल्या बसल्या तिचा पहिला प्रश्न, "काकूंनी काय दिलंय?" श्यामबाजारचा चौक येईपर्यंत तिने तीन सांबारवड्या संपवल्या. तिळगूळ मात्र घरी नेऊन आधी देवापुढे ठेवला.

फिरणं भरपूर झालं. हुगळी नदीच्या खालून मेट्रो जाते, 2024 पासून. नदीखालचा तो अर्धा किलोमीटर पाऊण मिनिटात संपतो, तेवढ्यात बोगद्यात निळे दिवे लागलेले दिसतात आणि सगळे खिडकीकडे वळतात. हावडा पुलाच्या पायथ्याशी फुलांचा बाजार भरतो. झेंडूच्या माळांची वेटोळी डोक्यावर घेऊन माणसं येत होती. आई, तू त्या बाजारातून हलली नसतीस.

आता मुख्य गोष्ट.

दुसऱ्या रात्री बाळ झोपेना. मैत्रिणीच्या आईने त्याला मांडीवर घेतलं आणि थोपटायला लागल्या. त्यांच्या हातात शंखाची पांढरी आणि लाल पोवळ्याची अशा बांगड्या असतात, त्या प्रत्येक थापेला एकमेकींवर वाजत होत्या. त्या अंगाई म्हणत होत्या. मला बंगाली कळत नाही, पण मधेच 'बर्गी' असा शब्द आला आणि मी चमकले. मैत्रिणीला खुणेने विचारलं. ती क्षणभर थांबली, मग हळूच अर्थ सांगितला: बाळ झोपलं, वस्ती शांत झाली, देशात बर्गी आले. बुलबुलांनी धान खाल्लं, आता शेतसारा कुठून भरायचा? धान संपलं, पान संपलं, थोडे दिवस थांबा, लसूण पेरलाय.

बर्गी म्हणजे आपले बारगीर, मराठी फौजेतले घोडेस्वार, बाबा. रघूजी भोसल्यांचे.

लहानपणी महालात भोसल्यांच्या वाड्यापुढून जाताना तुम्ही माझं बोट धरून हीच गोष्ट सांगायचात. भास्करराम कोल्हटकर फौज घेऊन बंगालपर्यंत कसा गेला, 1744 मध्ये बंगालच्या नवाबाने, अलीवर्दीखानाने, त्याला भेटीला बोलावून दग्याने कसा मारला, आणि पुढे 1751 च्या तहात ओडिशा कसा मिळाला आणि बंगालची वर्षाला बारा लाख चौथाई कशी ठरली. मी शाळेत ते छाती काढून सांगायचे. तुमच्या त्या गोष्टीत घोडे निघाले की पुढे एकदम भास्कररामाशी झालेला दगाच यायचा. मधली गावं कधी आलीच नाहीत. लसूण पेरणारी ती बाई कधी आली नाही.

सकाळी मैत्रिणीने मला घराजवळची एक गल्ली दाखवली. नाव मराठा डिच लेन. 1742 च्या सुमारास आपल्या फौजेच्या धास्तीने कलकत्तेकरांनी शहराभोवती खंदक खणायला घेतला होता. सात मैलांचा ठरला, जेमतेम तीन मैल खणून झाला. फौज कलकत्त्यात आलीच नाही. पुढे खंदक बुजवून त्याच्या बऱ्याचशा भागावरून सर्क्युलर रोड गेला. त्या गल्लीत एक माणूस इस्त्री करत होता, दोन पोरं क्रिकेट खेळत होती. मी खूप वेळ नुसतीच उभी होते.

घरी येऊन मी मैत्रिणीच्या आईला, काकूंना, माझ्या मोडक्या हिंदीत सांगितलं, की ते घोडे जिथून निघाले तिथली मी, त्या वाड्याजवळ माझं घर. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, बाळाला माझ्या मांडीवर दिलं आणि नव्या खजुरी गुळाचा पाटीसाप्टा आणायला आत गेल्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, तेही बाळाच्या अंगावर सांडलं.

बाबा, तुमची गोष्ट मला अजूनही आवडते. रागावू नका. पण तुम्ही आता ती तुमच्या नातवाला सांगता, तेव्हा पुढच्या खेपेला लसणाचंही सांगाल का? मला तुमच्याच तोंडून ऐकायचंय.

काकूंनी तुम्हा दोघांना पुढच्या संक्रांतीला बोलावलंय, पिठे खायला. मी तिकिटं काढते. विमानतळावर व्हीलचेअर मिळते, तिकीट काढतानाच सांगायचं; सोनेगावला मी एका आजोबांना तसंच नेताना पाहिलं. गुडघ्याचा एक्सरे मात्र त्याआधी होऊ द्या, आणि आई, डॉक्टर काय म्हणतात ते तू कळव, बाबा अर्धंच सांगतात.

गुळाची एक ढेप काकूंनी दिली आहे. कुणी येणारं असलं की पाठवते.

तुमची लेक