ते ब्रह्मकमळ नव्हे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला हेमकुंडावरचा लेख वाचला. हिमालयातल्या तळ्याविषयी मराठीत कोणी सविस्तर लिहिले, याचा आनंदच आहे. पण छायाचित्राखाली 'हेमकुंडाकाठचे ब्रह्मकमळ' असे छापले आहे आणि चित्रात मात्र आपल्या गच्चीवरच्या कुंडीत रात्री उमलते ते पांढरे फूल आहे. ते निवडुंगाच्या कुळातले, मूळ मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडचे. पानासारख्या चपट्या खोडाच्या कडेला त्याची कळी लोंबते, रात्री फुलते आणि सकाळी मान टाकते. हेमकुंडाच्या थंडीत ते टिकणारही नाही.

हिमालयातले ब्रह्मकमळ सूर्यफुलाच्या कुळातले, उत्तराखंडचे राज्यफूल. खडकाळ उतारावर जमिनीतून सरळ वर आलेला दांडा आणि त्याच्या टोकाला फिकट पिवळसर-हिरवी, कागदासारखी पातळ पाने ओंजळीसारखी जुळलेली. लोक त्यांनाच पाकळ्या समजतात. खरी फुले त्यांच्या आत, बारीक, जांभळी, दाट गुच्छात असतात. पाऊस आणि गारठा त्यांना लागू नये म्हणून ही ओंजळ. ती पूर्ण उघडेल म्हणून कुणी ताटकळू नये.

आणि 'आठवण म्हणून एखादे फूल आणावे' हे वाक्य तर छापायलाच नको होते. फुलाचा दांडा खुडला की त्या हंगामाचे बी गेले. बर्फ वितळल्यापासून पुन्हा पडेपर्यंत या झाडाला मोजके महिनेच मिळतात. पायवाटेलगतची फुले खुडत गेल्यामुळेच ती आता वर, कड्यांकडे पाहावी लागतात. ज्यांना हवे त्यांनी दुर्बीण न्यावी.

लेखात सहल मे महिन्याच्या सुट्टीत सुचवली आहे. आपला उन्हाळा आणि तिथला उन्हाळा एक नव्हे. हेमकुंडाजवळची फुलांची दरी (व्हॅली ऑफ फ्लॉवर्स) १ जूनला उघडते. हेमकुंडाच्या वाटेवर जूनमध्येही बर्फ कापून रस्ता केलेला असतो. फुले हवीत तर जुलैचा उत्तरार्ध ते ऑगस्टअखेर जावे. निळी पॉपी, काटेरी देठाची, कपारीत उगवणारी, तेव्हाच दिसते. ब्रह्मकमळासाठी ऑगस्ट उत्तम. पण तो पावसाचा काळ, बद्रीनाथच्या रस्त्यावर दरडी पडतात, म्हणून परतीच्या तिकिटाआधी दोन दिवस मोकळे ठेवावेत.

'गोविंदघाटहून एका दिवसात जाऊन येता येते' हे वाक्य माणसाला आजारी पाडेल. बद्रीनाथच्या रस्त्यावरचे गोविंदघाट सुमारे १,८०० मीटरवर, तळे ४,००० मीटरच्याही वर. पुलना गावापर्यंत जीपने, पुढे चालत घांगरिया (सुमारे ३,०५० मीटर) गाठून तिथे किमान एक रात्र काढावी. हेमकुंडाची एका दिवसाची चाल ती घांगरियाहून: सहा किलोमीटर, पण जवळजवळ सगळी चढाची. गाव सोडल्यावर वाट फुटते, डावीकडची फुलांच्या दरीत जाते, उजवीकडची हेमकुंडाला. दोन्ही एकाच दिवशी करू नयेत. पहाटे पाचला निघावे. दुपारनंतर ढग उतरतात आणि वर मुक्कामाची सोय नाही, म्हणून दोनच्या आत परत फिरावे. डोके ठणकू लागले, मळमळले, तर वर विसावत बसू नये, खाली उतरावे. खेचरांच्या लिदीने आणि पावसाने फरसबंदी निसरडी होते. खोल खाचांच्या तळाचे बूट लागतात आणि जीन्स नको, भिजली की दिवसभर वाळत नाही.

प्राण्यांचा तर लेखात उल्लेखच नाही. दगडांच्या राशीपाशी पाच मिनिटे न बोलता बसले, तर पायका, म्हणजे शेपूट न दिसणारा उंदराएवढा सशाचा भाऊबंद, तोंडात गवत घेऊन पळताना दिसतो. मोनाल हा हिमालयातला रंगीबेरंगी पक्षी पहाटे दिसण्याची शक्यता जास्त, हे लवकर निघण्याचे आणखी एक कारण.

शुद्धिपत्र आतल्या पानाच्या कोपऱ्यात नको. त्याच पुरवणीत, खऱ्या ब्रह्मकमळाच्या छायाचित्रासह आणि 'मे'च्या जागी 'ऑगस्ट' करून छापावे, ही विनंती. सुट्टीची तिकिटे लोक बरीच आधी काढतात.

आपला,
एक नियमित वाचक, पुणे