कॉन्वीचा पांढरा किल्ला

ती. आबा व आई यांना सा. नमस्कार.

आबा, फोटोत कॉन्वीचा किल्ला राखाडी दिसतो, पण मुळात तो पांढराशुभ्र होता. इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याने वेल्सच्या उत्तर किनाऱ्यावर तो १२८३ ते १२८७ या काळात बांधून घेतला. आठही बुरूज बाहेरून चुन्याने पांढरे केले होते. त्या चुन्याचे पापुद्रे आडोशाच्या भिंतींवर अजून सापडतात. चुना शोभेपुरता नसतो. तो गेला की पाणी थेट दरजांत शिरतं.

भिंतींत ओळीने चौकोनी भोकं दिसतात, त्यांना जंग्या (बाण मारायच्या फटी) समजू नका. परांचीचे वासे त्यांत खोवत. खऱ्या जंग्या उंच, अरुंद चिरा आहेत. पश्चिम दरवाजाच्या माथ्यावर पुढे आलेली दगडी घोडी (भिंतीबाहेर काढलेले आधाराचे दगड) बघा. त्यांच्या मधल्या फटींतून खालच्या शत्रूवर मारा करायचा.

आतली भिंत वाचायची युक्ती सांगतो. बुरुजात मान वर केली की चूल अधांतरी दिसते. तिथे मजला होता. तिच्या खालची खोबणी तुळयांची. मजले लाकडी, छपरावर शिशाचे पत्रे. दुखणं छपराचंच. १३२१ च्या पाहणीतच छपरं गळतात, लाकूड कुजलंय, अशी नोंद आहे. म्हणून १३४० च्या दशकात दिवाणखान्यावर लाकडाऐवजी दगडी कमानी घातल्या. एक अजून उभी आहे, तिच्यावरून छपराची उंची कळते. त्या छपराखाली भिंतींना आतून गिलावा होता, हे डोळ्यांपुढे आणा, म्हणजे दिवाणखाना खरा दिसेल. पुढे १६६५ मध्ये मालक लॉर्ड कॉनवे याने उरलेलं शिसं आणि लोखंड काढून विकलं. किल्ल्याला तोफेपेक्षा मोठा घाव हाच, असं माझं मत. शिसं गेलं की पाऊस आत येतो, तुळया कुजतात, मजले कोसळतात.

एवढ्या किल्ल्यावर शिबंदी किती? १२८४ च्या फर्मानात तीसच माणसं, त्यांत पंधरा क्रॉसबो (आडवं धनुष्य) चालवणारे; बाकीच्यांत सुतार, लोहार, गवंडी, पाद्री. मधल्या आडव्या भिंतीने किल्ल्याचे दोन भाग होतात. बाहेरचा पडला, तरी आतला झुंजू शकतो. आतल्या चार बुरुजांवरच टेहळणीचे छोटे मनोरे आहेत, त्यावरून राजाचा वाडा कुठे ते लांबूनच ओळखता येतं.

गावाचा तट सव्वा किलोमीटरहून लांब आहे, एकवीस बुरुजांचा. आधी त्यावर चढा आणि तिथून किल्ल्याकडे बघा. बुरुजांचे गोल जिने अरुंद आहेत, पावसात निसरडे होतात. आईसाठी रबरी तळाचे बूट घ्या.

तुमचा,
नंदू